गड्ड्याची गर्दी आणि आगटीभोवतीची माणसं

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची मंडळी आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय 'ऑनलाइन चर्चासमूह : मोठे की लहान? एक चिंतन' असा छापलाय. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, "ग्रुप केवढा असावा, यावर बोलतो." चिटणिसांनी त्याला इस्त्री मारून आणलं. चिंतन वगैरे माझ्याकडे नाही. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. चौतीस वर्षं लोकांच्या बोलण्याच्या तारा जोडल्या, बोलण्यात कधी पडलो नाही. ती कसर आता काढतोय. पस्तीस मिनिटं दिली आहेत आणि मी चार मुद्दे लिहून आणलेत. मुद्द्यांआधी एक हकीकत सांगतो, छोटीच आहे. (आमच्या घरून एक व्यक्ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, ती 'छोटीच' ऐकून हसली. असू द्या.)

आमच्या कॉलनीत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. सोलापुरात बोलतोय म्हणून हे एका वाक्यात आटोपलं. पुण्याच्या श्रोत्यांना समजावून सांगण्यातच दहा मिनिटं गेली असती. किती वाजता येतं, ते त्या पाण्यालाच ठाऊक. कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. म्हणून २०१६ साली आम्ही त्रेचाळीस घरांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव 'पाणी'. नियम एकच : ज्याच्या नळात आधी फुसफुस होईल त्यानं 'आलं' असं लिहायचं. दुसरं काही लिहायचं नाही, 'धन्यवाद'सुद्धा नाही. आता आपलं गाव चार भाषांचं, त्यामुळे कुणी 'बंतु' लिहायचं, कुणी 'वच्चायी'. पाणी कळायला शब्दकोश लागत नाही.

कोपऱ्यावरच्या घरात एक आजी राहतात. लाइन त्यांच्या घरापासून सुरू होते, म्हणून त्यांचं 'आलं' सगळ्यांच्या आधी. एका पहाटे पाणी आलं, तिसऱ्या घरातून मेसेज आला, आजींचा आला नाही. समोरच्या वहिनींनी बादली नळाखाली तशीच सोडली आणि त्यांचं दार वाजवलं. आजी न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या. म्हणजे बघा, त्या पडल्याची बातमी आम्हाला मिळाली ती मेसेज न आल्यामुळे. हे लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. ते शेवटी सांगायचं ठरवलं होतं, पण आलं तोंडात.

पुढे शेजारच्या गल्ल्या आत आल्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपची मर्यादा तेव्हा २५६ होती. २०२२ साली ती ५१२ झाली आणि त्याच वर्षी पुढे १०२४. आमच्या ॲडमिनचं असं आहे की कंपनीनं जागा वाढवली की ती भरलीच पाहिजे. एसटीत मधल्या बाकावर दोन बोटं जागा दिसली की टेकतात ना लोक, तसं. ग्रुप सातशेवर गेला. मग त्यात सुप्रभात आलं, 'वन बीएचके भाड्याने' आलं, हरवलेलं मांजर आलं. मांजराबद्दल तक्रार नाही, ते सापडलं.

आणि मग एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस आला. माणूस आमच्याच भागातला. नाव सांगत नाही. चौकातल्या फलकावर आहेच, त्याच्याशेजारी काळ्या चष्म्यातले अकरा शुभेच्छुकही आहेत. रात्री साडेदहापासून केक सुरू झाले. मी ग्रुप म्यूटवर टाकून झोपलो. सकाळी उठतो तर टाकी रिकामी. फोन उघडला, बोटानं वर वर सरकवत गेलो, तर ११.५२ ला आजींचं बिचाऱ्यांचं 'आलं'. त्याच्या वर एकतीस केक, खाली त्रेसष्ट. पाणी दीड वाजता गेलेलं. वाढदिवस त्यांचा आणि बिनआंघोळीचा मी! पाच दिवस टँकरच्या पाण्यावर काढले.

मी ग्रुपवर लिहिलं, "या ग्रुपचं नाव पाणी आहे." त्यावर चौदा अंगठे आले आणि एका पोरानं लिहिलं, "काका, त्रास होत असेल तर लेफ्ट व्हा की ओ." झालो. २०२२ पासून अशी सोय आहे की कुणी बाहेर पडलं तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. सात वर्षं ज्या माणसांबरोबर पहाटे तीनला जागा राहिलो, त्यांच्यातून मी गेलो आणि चपलेचा आवाजसुद्धा झाला नाही.

लगेच गल्लीतल्या नऊ घरांचा वेगळा ग्रुप काढला. नाव 'फक्त पाणी'. आजींना पहिलं घेतलं. वाटलं, जिंकलो. तर महिन्याभरात एका रात्री आम्ही नऊच्या नऊ जण घागरी मांडून तीनपर्यंत बसलो आणि नळ कोरडा ठाक. उजनी धरणाकडून येणारी पाइपलाइन वाटेत कुठंतरी फुटली होती, पाण्याचा कारंजा झाडाएवढा उडत होता. मोठ्या ग्रुपवर संध्याकाळी सहालाच फोटो पडलेला, कारण सातशेतला कुणीतरी नेमका त्या रस्त्यानं येत होता. आमच्या नऊ जणांतलं त्या बाजूला कोण जाणार? माझी बायको मोठ्या ग्रुपात होती. तिला माहीत होतं. मी म्हटलं, "सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "तुमचा ग्रुप वेगळा ना?"

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, कारण ती माणसं आज इथं असू शकतात. नऊ घरांतल्या एका घरानं नळाला थेट मोटार जोडलेली. ती सुरू झाली की पुढच्या चार घरांची धार करंगळीएवढी होते. हे आम्हा आठ जणांना माहीत. कुणी बोललं का? नाही. त्यांच्याकडून संक्रांतीला तिळगूळ येतो, हुरड्याला त्यांच्याच शेतावर जायचं असतं. शेवटी मोठ्या ग्रुपवर मागच्या गल्लीतल्या कुणा अनोळखी माणसानं मोटारीचा फोटो टाकून विचारलं, "हे चालतं का?" दुसऱ्या दिवशी मोटार गायब. म्हणजे आठ ओळखीच्यांना जमलं नाही ते एका परक्यानं केलं. तेव्हा लहान ग्रुप म्हणजे प्रेमाचा आणि मोठा म्हणजे कचऱ्याचा, हे जे मी गावभर सांगत फिरत होतो, ते मला गिळावं लागलं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'सात मिनिटे'. सात कशी? बरं. मुद्दे आहेत चार. भरभर सांगतो.

पहिला मुद्दा हिशोबाचा. नऊ माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ३६. त्रेचाळीस माणसांत ९०३. १०२४ माणसांत ५,२३,७७६. माणसं वाढतात साध्या चालीनं, संबंध वाढतात घोडदौडीनं. म्हणून तर टेलिफोन एक्स्चेंज निघालं. प्रत्येक घरातून प्रत्येक घरात तार ओढायची म्हटलं तर गावावर आभाळ दिसलं नसतं.

दुसरा माझ्या जिव्हाळ्याचा आणि यावर खरं तर अर्धा तास हवा होता. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. एका वेळी किती लोक फोन उचलतील याचं गणित त्यानं १९०९ साली मांडलं. दहा हजार फोन असले तरी ते सगळे एकाच वेळी बोलतील अशी सोय एक्स्चेंजमध्ये नसते. बहुतेक लोक गप्प असतात या भरवशावर ते चालतं. क्रिकेटची मॅच जिंकली की डायल टोन मिळायचा नाही, आठवतंय? मोठ्या ग्रुपचंही तेच. २००६ साली जेकब नील्सन या वेबसाइटींच्या अभ्यासकांनी ऑनलाइन समूहांचा ढोबळ आडाखा सांगितला : शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी बोलतात, एक सतत बोलतो. लोक त्या नव्वदांना फुकटे म्हणतात. मी म्हणतो, ते गप्प आहेत म्हणून लाइन चालू आहे. वाढदिवसाच्या रात्री त्यांनी फोन उचलले, इतकंच झालं.

तिसरा. अमेरिकेत यूजनेट नावाचं, संगणकावरून चर्चा करायचं जाळं होतं. दर सप्टेंबरला कॉलेजात नवी पोरं यायची, गोंधळ घालायची, जुने त्यांना रीत शिकवायचे, महिन्याभरात सगळं शांत. १९९३ नंतर मात्र घरोघरच्या गिऱ्हाइकांचा लोंढा आला आणि तो थांबलाच नाही. तिथले जुने लोक म्हणतात, तो सप्टेंबर अजून संपलेला नाही. आमच्या 'पाणी' ग्रुपचाही तोच रोग. सातशे हा आकडा एवढा वाईट नव्हता. ते एकदम आले, रीत शिकवायला उसंत मिळाली नाही, हे वाईट झालं.

चौथा मुद्दा. (हो, हो, संपवतो.) रॉबिन डनबार या शास्त्रज्ञांनी १९९२ साली माकडांच्या मेंदूंवरून अंदाज बांधला की माणसाला साधारण दीडशेच माणसं नीट सांभाळता येतात. त्या आकड्यावर वाद आहेत. माझं माप वेगळं आणि सोपं आहे. कोण आलं नाही हे जिथं कळतं, ते लहान. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सम्मती कट्ट्यापाशी लाखो हात अक्षता टाकतात. तुम्ही गेला नाहीत तर एक मूठ कमी पडल्याचं कुणाला कळणार? पण तिथंच पोर हरवलं तर भोंग्यावरून नाव पुकारतात आणि हजारो डोळे ते पोर शोधतात. ते काम गर्दीचंच. उलट हुरड्याच्या आगटीभोवती आठ-दहा माणसं बसतात. एक उठून गेला की चोळणारा हात थांबवतो, विचारतो, "ते कुठं गेले?" साठ माणसं आली म्हणून कुणी आगटी रुंद करत नाही. मधली कणसं करपतील, कडेची कच्ची राहतील. शेजारी दुसरी आगटी पेटवतात. आमच्या ॲडमिननं एवढं केलं असतं, तर आज तुम्हाला माझ्या आंघोळीची कथा ऐकावी लागली नसती.

सध्या मी दोन्हीकडे आहे. मोठ्या ग्रुपात परत घ्या म्हणून विनंती केली, तर ॲडमिन म्हणाला, "काका, तुम्ही गेला होता होय?" 'फक्त पाणी'मध्ये आम्ही आता अकरा आहोत. बाराव्याची विनंती परवा आली. तो भावी नगरसेवक आमच्या गल्लीत राहायला आलाय. घ्यावं की नाही, यावर काल रात्री अकरा जणांत तासभर चर्चा झाली. आजी म्हणतात घ्या. मी अजून काही लिहिलेलं नाही. त्याच्या टेम्पोतून सामान उतरताना मी गॅलरीत उभा होतो. कपाट, फ्रीज, फलक आणि सगळ्यात शेवटी पोत्यात गुंडाळलेली मोटार. दीड एचपीची तरी असावी.