रॉकेट स्वस्त झाल्याने आपल्याला काय?

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो, खासगी अवकाशप्रवास म्हटला की वर्तमानपत्रात कुणा अब्जाधीशाचा फोटो येतो आणि आपण पान उलटतो. 2001 साली डेनिस टिटो हे अमेरिकी गृहस्थ स्वतःच्या खर्चाने अवकाशस्थानकावर जाऊन आले, तेव्हापासून हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा, अशी समजूत रूढ झाली आहे. हौसेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्या गावाला नाही; वरातीत आपण किती धूर काढतो, ते सर्वांना ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, रॉकेट स्वस्त झाले की चूक परवडू लागते, आणि खरा लाभ त्यातच आहे. महापुराच्या दिवसांत याचा आपल्याला उपयोग काय, तेही मी आज सांगणार आहे.

परंतु आधी एक गाऱ्हाणे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेला रॉकेटसाठी अॅल्युमिनियमचे एक लहानसे हाउसिंग, म्हणजे आतल्या भागांचे आवरण, ओतून हवे होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या फाउंड्रीत मिस्त्रींनी साच्याचा पॅटर्न स्वतः घासला, थंड होताना आक्रसणाऱ्या धातूला भर पुरवणाऱ्या रायझरची जागा पुन्हा पुन्हा बदलली, आणि एक्स-रेमध्ये एकही ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, दिसेनासे झाल्यावरच नमुना पाठवला. साहेबांनी तो हातात फिरवून पाहिला, चहा पाजला आणि म्हणाले, “माल उत्तम आहे, पण असाच भाग पूर्वी पुरवल्याचा दाखला कुठे आहे?” ज्याने पूर्वी पुरवला, त्यानेच पुढे पुरवावा, असा तो नियम होता. पहिल्याने पहिल्यांदा कसा पुरवला, असे मी विचारले, तेव्हा चहा संपल्याचे माझ्या लक्षात आणून देण्यात आले. (हशा)

मी साहेबांना दोष देत नाही. रॉकेट एकदाच उडणार, त्यावरचा उपग्रह शेकडो कोटींचा, आणि एक भाग फुटला तर सगळेच समुद्रात, अशा स्थितीत कोणीही माणूस भागापेक्षा कागदावरच अधिक विश्वास ठेवील. मात्र त्या भीतीची किंमत प्रत्येक बोल्टावर चढते, जुनाच पुरवठादार टिकतो, नवा दारातच अडतो आणि रॉकेट महागच राहते. इंधनाचा वाटा या खर्चात अगदी किरकोळ असतो.

ही साखळी तुटली ती अपयश पचवल्यामुळे. स्पेसएक्स या अमेरिकी खासगी कंपनीचे फाल्कन-1 रॉकेट लागोपाठ तीनदा अपयशी ठरले आणि 28 सप्टेंबर 2008 रोजी चौथ्या वेळी कक्षेत पोहोचले. डिसेंबर 2015 मध्ये फाल्कन-9 चा पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा खालचा, इंजिनांचा भाग, जमिनीवर सुखरूप उतरला, मार्च 2017 मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, आणि आता काही टप्पे तर पंचवीसहून अधिक वेळा उडालेले आहेत. परत आलेले इंजिन उघडून पाहता येते, कोणता भाग कुठे झिजला ते कळते. समुद्रतळाशी गेलेले इंजिन काहीच शिकवत नाही.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे, तेव्हा पुराचे आता धावतेच सांगतो. 2019 साली राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर मजल मारली. अशा वेळी आभाळ ढगांनी भरलेले असते, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याला शिरोळ तालुका दिसतच नाही. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि शांत पाण्यावरून पलीकडे परावर्तित होतात, म्हणून चित्रात पूर काळा उमटतो. इस्रोच्या 2012 सालच्या रिसॅट-1 या रडार उपग्रहाचे वजन 1,858 किलो होते. आइसाय या फिनलंडच्या खासगी कंपनीचा जानेवारी 2018 मध्ये आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटने गेलेला रडार उपग्रह 100 किलोंहूनही कमी वजनाचा होता. इस्रो आणि नासाच्या निसारसारखा मोठा, मोलाचा रडार उपग्रह नेमकी तीच कक्षा बारा दिवसांनी पुन्हा गाठतो, आणि पंचगंगा त्याच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. दर काही तासांनी चित्र हवे असेल तर लहान उपग्रह पुष्कळ लागतील, आणि ते स्वस्त रॉकेटशिवाय शक्य नाही.

आपल्याकडेही दार किलकिले झाले आहे. 2020 साली खासगी अवकाश कंपन्यांना परवानगी देणारे इन-स्पेस हे सरकारी केंद्र स्थापन झाले, नोव्हेंबर 2022 मध्ये स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस रॉकेट उडाले, मे 2024 मध्ये अग्निकुल या दुसऱ्या कंपनीने थ्रीडी प्रिंटिंगने अखंड घडवलेले इंजिन उडवून दाखवले. या नव्या कंपन्यांकडे माझी एकच मागणी आहे: दाखला मागू नका, नमुना मागवा, हवा तसा तपासा, आणि पसंत पडला नाही तर परत पाठवा, परतीचे भाडे आम्ही भरू.