खाजणातला नायट्रोजन आणि शिंपल्यांची साक्ष

नायट्रोजनामुळे पाणी बिघडते असे म्हटले की ऐकणाऱ्याला एखादे विष आठवते. आज ज्या नायट्रोजनविषयी मी बोलणार आहे, तो आपण भाताच्या खाचरात युरियातून देतो तोच आहे, आणि समुद्राकाठच्या उथळ पाण्यातही तो शेतातलेच काम करतो, म्हणजे हिरवे वाढवतो. ते कोणी खाल्ले आणि उरलेले कुठे गेले, याचा हिशेब अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर सागरी परिसंस्थांचे अभ्यासक इव्हान व्हालिएला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मांडला. त्यातल्या शिंपल्यांच्या नोंदी मला सर्वांत बोलक्या वाटतात.

फाल्मथ गावाजवळचे ग्रेट सिपेविसेट हे भरतीच्या पाण्याने भरणारे खाजण आहे. आपल्याकडे खाजणात कांदळवन असते; तिथल्या थंडीत ते तगत नाही, म्हणून तिथे स्पार्टिना नावाचे खारे गवत असते. त्याच्या मुळांशी, चिखलात अर्धा रुतलेला, कवचावर कंगोरे असलेला एक शिंपला राहतो. आपल्या शिणाण्याचा हा नातलग. तो बारीक चिवट धाग्यांनी मुळांना धरून बसतो, आणि भरती चढली की कल्ल्यांतून पाणी गाळू लागतो. खाण्याजोगे कण तो तोंडाकडे सरकवतो आणि नको असलेले बुळबुळीत स्रावात गुंडाळून, न गिळताच, बाहेर टाकतो. थॉमस जॉर्डन आणि व्हालिएला यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, उन्हाळ्यात हे शिंपले भरती-ओहोटीच्या एका फेऱ्यात जेवढे पाणी गाळतात ते खाजणात येणाऱ्या भरतीच्या पाण्याहून जास्त भरते.

हे ऐकून लोक शिंपल्याला फुकटचा सफाई कामगार ठरवतात, आणि तिथेच गल्लत होते. गाळलेल्या कणांतला सुमारे अर्धा नायट्रोजन शिंपल्याच्या अंगी लागतो आणि उरलेला अर्धा तळाच्या चिखलात पडतो. अंगी लागलेल्यातलाही बराचसा पुढे अमोनियाच्या रूपाने पाण्यातच परत येतो. म्हणजे शिंपला नायट्रोजन अडवतो, त्याचे रूप आणि जागा बदलतो, पण तो नाहीसा करत नाही. ते काम चिखलातल्या जिवाणूंचे. प्राणवायू नसलेल्या थरात ते नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात आणि तो हवेत निघून जातो. हा चिखल जागेवर राहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. त्याच राज्यातल्या प्लम आयलंडच्या खाजणात लिंडा डीगन आणि सहकाऱ्यांनी नऊ वर्षे भरतीच्या पाण्यातून खत सोडून पाहिले. २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे, की गवत वर जोमाने वाढले, पण जमिनीखाली मुळे कमी झाली, चिखल भुसभुशीत झाला आणि ओहोळांचे काठ भेगाळून ढासळू लागले.

फाल्मथच्याच परिसरातल्या वाक्वॉइट उपसागरात प्रश्न घरांचा होता. तिथली जमीन वाळूची, त्यामुळे घराघरांच्या शोषखड्ड्यांतून झिरपलेले सांडपाणी भूजलातून सावकाश उपसागरात उतरते. व्हालिएलांच्या हिशेबात उपसागराला पोहोचणाऱ्या नायट्रोजनपैकी सुमारे ४८ टक्के सांडपाण्याचा, ३० टक्के हवेतून पडणारा आणि १५ टक्के खतांचा निघाला. हे ओळखायचे कसे? सांडपाण्यातून अमोनिया उडून जाताना हलका नायट्रोजन आधी जातो आणि मागे राहणाऱ्यात जड समस्थानिकाचे, म्हणजे नायट्रोजनच्याच किंचित जड अणूंचे, प्रमाण वाढते. ही खूण शेवाळात उतरते, आणि ते खाणाऱ्या प्राण्यांच्या मांसातही सापडते. जिथे घरे जास्त तिथे ती अधिक ठळक.

गंमत अशी की सांडपाणी जास्त मिळालेल्या पाण्यात तिसऱ्यांसारखे काही शिंपले अधिक वेगाने वाढले, कारण त्यांना खाद्य भरपूर मिळाले. एवढ्यावरून कोणी समाधान मानू नये. त्याच पाण्यात समुद्री शेवाळाने तळ झाकला, ईलग्रास हे सागरी गवत सावलीने मेले, आणि त्याच्या पात्यांना चिकटून बालपण काढणाऱ्या स्कॅलॉप जातीच्या शिंपल्यांचा आसरा गेला. एकाच खताने एकाला पोसले आणि दुसऱ्याचे घर मोडले.

शेजारच्या मॅशपी गावाने नायट्रोजन कमी करण्याच्या आपल्या आराखड्यात कालवे (ऑयस्टर) आणि तिसऱ्यांसारखे शिंपले वाढवण्याचाही समावेश केला आहे. वाढलेले शिंपले काढून नेले, की मांसाबरोबर आणि कवचाबरोबर तेवढा नायट्रोजन खरोखर पाण्याबाहेर जातो. तळाशीच मरू दिले तर तो पुन्हा तिथेच विरघळतो. मात्र त्याच आराखड्यात सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरणाचे कामही आहे, आणि शिंपल्यांचे पीक जेवढे कमी येईल तेवढ्या जास्त वाहिन्या गावाला टाकाव्या लागतील.