धुराड्यातून दिसणाऱ्या दोन रेषा

बर्फ पडतंय, आणि स्वीडनच्या वेक्शो शहरातल्या सॅंडविक प्लांटमध्ये एक ट्रक मागचा दरवाजा उघडतो. धाडकन लाकडाचे बारीक तुकडे, साली, फांद्यांचा चुरा. वाफ निघते त्या ढिगातून, कारण ओला माल स्वतःच आतून तापत असतो. इथे 1980 पासून तेलाऐवजी हेच जाळायला सुरुवात झाली, आणि त्यावर तापवलेल्या पाण्याचे पाईप रस्त्याखालून घराघरात जातात.

आता स्क्रीनवर ग्राफ बघा, लाकूड, पेंढा, बायोगॅस अशा जैविक इंधनातून किती ऊर्जा मिळते त्याचा. एक रेषा स्वीडनची, दुसरी अख्ख्या युरोपियन युनियनची. एक कोटीच्या आसपास माणसं आणि साधारण 45 कोटी माणसं, म्हणजे एकूण आकडा लावला तर जर्मनी वर दिसेल, स्वीडन तिच्या खाली, आणि माणशी किती ते काढलं की चित्र उलटं होतं, फिनलंड आणि स्वीडन एकदम वर. म्हणून तुलना करताना आधी हे विचारायचं की एकूण, माणशी, की सगळ्या ऊर्जेतले टक्के? माझं मत विचाराल तर माणशी आणि टक्के दोन्ही सोबत ठेवा, एकट्या आकड्यावर विश्वास नको.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, आणि ती महत्त्वाची आहे. युनियनची रेषा म्हणजे नेमकी कुणाची? स्वीडन स्वतः 1995 ला आत आलं, क्रोएशिया 2013 ला, ब्रिटन 2020 ला बाहेर गेलं. देश आत-बाहेर झाले की रेषा उडी मारते, जाळलेलं लाकूड तेवढंच असलं तरी. म्हणून आजचे 27 देश धरून मागची सगळी वर्षं पुन्हा मोजलेला आकडा घ्यायचा.

मग स्वीडन इतकं पुढे का गेलं? 1970 मध्ये तिथे ऊर्जेचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग तेलावर होता, मग तेलाचं संकट आलं, धक्का बसला. 1991 ला कार्बन टॅक्स, म्हणजे इंधन जाळून निघणाऱ्या कार्बनवरचा कर, लावला आणि लाकूड त्यातून मोकळं ठेवलं, तिथून बॉयलर झपाट्याने बदलले. पण खरं गुपित कागद गिरण्यांमध्ये आहे. लाकूड शिजवून लगदा काढल्यावर उरतो काळा, घट्ट, डांबरासारखा द्रव, तो तिथेच जाळून वाफ आणि वीज बनते. ज्या देशाची जवळपास 70 टक्के जमीन जंगलाखाली आहे आणि ज्याच्याकडे असा कारखाना आहे त्याची बरोबरी सगळ्या युरोपने कशी करायची?

युनियनने 2009 ला ठरवलं की 2020 पर्यंत 20 टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांची हवी, आणि तिथली रेषाही चढली. त्यात मका टाकून बनवलेला बायोगॅस आला, शेतातला पेंढा आला, बाहेरून आणलेल्या पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) आल्या, सगळं एकाच रेषेत. मला हे खटकतं. कारण फांद्या जाळणं आणि चांगलं उभं झाड तोडून जाळणं सारखं नाही, तरी धुराड्यातला कार्बन दोन्हीकडे शून्य धरतात, त्याचा हिशेब झाड तोडताना जंगलाच्या खात्यात लागतो.

युरोपचे हे आकडे 1990 पासून सलग मिळतात. त्या वर्षी स्वीडनमध्ये लावलेलं स्प्रूसचं झाड अजून तोडायच्या वयाचं झालेलं नाही.