हजार फुटाचं बोअर आणि मृत समुद्राचा काठ

[संत्र्याच्या बागेत, बोअरच्या केसिंगला टेकून]

राम राम मंडळी. आज मी मोर्शीकडे मामाजींच्या बागेत आलो आहे. मागे दिसते ते बोअर हजार फुटाचं. मशीन लागली तेव्हा दीड दिवस घरघर चालू होती. पांढरी भुकटी उडायची, मग लालसर, मग पुन्हा पांढरी. आठशे फुटाला मामाजी खाटेवर बसून मला म्हणतात, "भाचेबुवा, एवढं खाली गेलो, आता समुद्रच लागते काय?"

सगळे हसले. मी मात्र मोबाइलवर हिशोब करत बसलो.

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, पाहिली असेल तुम्ही. इकडे ही उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास येते. हजार फूट म्हणजे 305 मीटर. म्हणजे मामाजींच्या बोअरच्या तळापासूनही समुद्राची पातळी अजून दीडेकशे फूट खालीच! पाइप, केसिंग, मशीनवाल्याचं बिल, एवढं सगळं करून आपण समुद्राच्या वरच राहिलो.

आता ऐका. इस्रायल आणि जॉर्डनच्या मधात मृत समुद्र आहे. त्याचा काठ समुद्रसपाटीच्या सुमारे 430 मीटर खाली आहे. तिथे रस्ता आहे, हॉटेलं आहेत, माणसं खुर्च्या टाकून बसतात. ती पातळी गाठायला मामाजींना याच जागी अडीच हजार फुटांपेक्षा जास्त खोल जावं लागेल. तिकडे ती उघडी जमीन आहे, वर आभाळ.

मग पहिला प्रश्न हाच येतो, की समुद्राचं पाणी तिथे काऊन नाही शिरत?

कारण मधात धुरा आहे. आपल्या वावराचं पाणी शेजाऱ्याच्या खोलगट वावरात जात नाही, कारण धुरा उंच असतो. तसंच. भूमध्य समुद्र आणि मृत समुद्र यांच्यामधात डोंगर आहेत, जेरुसलेम त्याच डोंगरांवर वसलेलं आहे, साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. समुद्राला हा धुरा ओलांडता येत नाही.

आणि खड्डा पडला कसा? जमिनीचे दोन मोठे तुकडे तिथे एकमेकांना घासत सरकतात. सरकताना जिथे वाकडी फट पडते, तिथला मधला भाग खाली बसतो. लाखो वर्षं बसतोच आहे.

पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. खड्डा पडणं काही विशेष नाही. तो रिकामा राहिला कसा, हे विशेष आहे.

[जागा बदलून, घराच्या ओट्यावर. समोर स्टीलचं ताट]

हे माझं घर. आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. पूर्णा नदीचं खोरं म्हणजेही खचलेला भाग आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. पण इथे पावसाळ्यात पाणी येतं, डोंगरावरून गाळ येतो. नदीने तो खोलगट भाग गाळाने भरून टाकला. तुम्ही आम्ही त्या गाळावर कपाशी आणि तूर पेरतो. वरून पाहिलं तर सपाट जमीन, खड्ड्याचा पत्ता नाही.

मृत समुद्राकडे पाऊस नावालाच. जॉर्डन नदी येते, पण तिचं पाणी ऊन पिऊन टाकतं. गाळही आला, भरपूर आला, पण खचण्याला तो पुरा पडला नाही. म्हणून जगातल्या खोल जमिनी बघा, जवळपास सगळ्या वाळवंटात सापडतील. जिबूतीमधलं असाल सरोवर, 155 मीटर खाली. चीनमधला तुर्फान, 154 मीटर खाली. इजिप्तमधलं कतारा, 133. अमेरिकेतली डेथ व्हॅली, 86. यातला एखादा खड्डा चेरापुंजीला असता तर आज तिथे तळं असतं.

आता हे ताट. काल सकाळी यात आमच्या विहिरीचं पाणी ओतून उन्हात ठेवलं होतं. कॅमेरा जवळ आण रे. काठाला पांढरी किनार दिसते? बोटाने खरवडतो... हे बघा. खार. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, आई कुकरच्या सहा-सात शिट्ट्या करते आणि तरी दाणा टचटचीत. प्यायला कॅन आणावी लागते. आमच्याकडे अजूनही कोणी कोणी सांगतं की इथे आधी समुद्र होता म्हणून पाणी खारं. त्यासाठी समुद्र लागत नाही. निचरा कमी आणि ऊन जास्त, एवढं पुरतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

मृत समुद्र म्हणजे हेच ताट, फक्त मोठं. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, वाट फक्त आभाळाची. साध्या समुद्रापेक्षा दहापट खारट झाला तो. लोणारच्या सरोवरालाही बाहेर जायला वाट नाही, म्हणून तेही खारं. मात्र लोणार खोल दिसलं तरी समुद्रसपाटीच्या बरंच वर आहे, त्याला या यादीत घालू नका. कमेंटमध्ये कोणी ना कोणी घालणारच, म्हणून आधीच सांगितलं.

उन्हाचंही सांगतो. हवा खाली उतरताना दाबली जाते आणि तापते, दर शंभर मीटरला साधारण एक अंश. त्यात ओलावा नाही, सावली नाही. इथिओपियातल्या दनाकिल खोलगटात दल्लोल नावाची जागा आहे. 1960 ते 1966 या काळात तिथलं वर्षाचं सरासरी तापमान 34.6 अंश होतं. वर्षाची सरासरी म्हणतोय मी, मे महिन्याची नाही! अकोलेकरांनी थोडं शांत बसावं. तिथे अफार लोक मिठाची जमीन फोडून लाद्या काढतात, उंटावर लादतात. कधीकाळी तांबड्या समुद्राचं पाणी आत शिरलं होतं, ते आटून हे मीठ राहिलं.

सगळीकडे असंच भकास नाही. तुर्फानमध्ये द्राक्षं होतात, मनुके होतात. पाणी येतं तिएनशान पर्वताच्या बर्फाचं, जमिनीखालच्या बोगद्यांतून, म्हणजे उन्हाने पिऊ नये म्हणून झाकून. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिला असेल तर लगेच कळेल, तिथेही हीच युक्ती, पाणी सातपुड्याचं.

आपल्या देशात केरळमध्ये कुट्टनाड आहे. समुद्रापेक्षा एक ते तीन मीटर खाली धान पिकवतात. तिथे पाऊस उदंड, त्यामुळे खड्डा आपोआप कोरडा राहत नाही. बांध घालतात आणि पंपाने पाणी उपसतात. पंप बंद तर धान पाण्यात.

आणि मृत समुद्र? जॉर्डनचं पाणी वर शेतीला आणि शहरांना वळवलं, काठावर खनिजं काढायला पाणी आटवतात. पातळी दरवर्षी एक मीटरच्या आसपास उतरते. पाणी मागे सरलं की खालचा मिठाचा थर गोड्या पाण्यात विरघळतो आणि जमीन एकाएकी आत बसते. हजारो खड्डे पडलेत काठाला. मी मघाशी 430 म्हटलं, तो आकडा हा व्हिडिओ जुना होईपर्यंत बदललेला असेल.

[आतून आईचा आवाज: "अरे, ते ताट दे इकडे, जेवायला वाढायचं आहे!"]

देतो, आई. घासावं लागेल पण, चिंच आहे का?