पाटीला नैवेद्य लागतो

अध्यक्ष महाराज आणि घाट चढून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'घाटरस्त्यांवरचे इतिहासफलक : एक योजना'. योजना शेवटी सांगतो. आधी तक्रार करू द्या, कारण तक्रार निमूट ऐकून घेणारी एवढी माणसं एका सतरंजीवर मला पुन्हा मिळायची नाहीत.

पुरातत्त्व खात्याची ती निळी पाटी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. लेणं असो, गड असो, मजकूर तोच. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, १९५८ चा कायदा लागू आहे, नासधूस कराल तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कुठे कुठे शेजारी माहितीचा दगडही असतो, नाही असं नाही. पण बऱ्याच ठिकाणी माणूस शिक्षा पाठ करून घरी जातो, आणि पाहिलं काय ते त्याला कळलेलं नसतं. (हशा) हसताय काय, पूर्वी दंड पाच हजार होता. २०१० मध्ये वाढवला. पाटीच्या मजकुरात सुधारणा झाली ती एवढीच!

आता आमच्या खोऱ्यातली गोष्ट. गावाचं नाव घेत नाही, निम्मं गाव इथे बसलंय. ओढ्याच्या काठी पाच वीरगळ होते. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, हे या सभेत सांगायला नको. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला गडी, त्याच्या मागे गाईंची रांग, म्हणजे गुरं सोडवताना पडला. मधे अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत, त्याच्या वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच गडी, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. या पाचांतल्या दोघांना गावातली एक आजी दर अमावास्येला शेंदूर लावायची. का, तर ते म्हणे वाघोबा. आता तो वाघोबा नाही हे मला कळतं, तुम्हाला कळतं. आजीला सांगायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. जेसीबी आला. चालवणारा पोरगा बाहेरचा. त्याने शेंदूर पाहिला, मशीन बंद केलं आणि खाली उतरून नारळाला पैसे काढले. म्हणाला, "देवाला आपण हात लावणार नाही, साहेबाला सांगा रस्ता वळवायला." रस्ता वळला हो! चार हात वळला. जो रस्ता आमदारांच्या पत्राने वळत नाही, तो आठ आण्यांच्या शेंदराने वळला. बाकीच्या तिघांना शेंदूर नव्हता. ते दगड होते. ते रस्त्याखालच्या मोरीच्या पिचिंगमध्ये, म्हणजे दगडी अस्तरात, गेले. उन्हाळ्यात ओढा आटला की मोरीत वाकून बघा, डाव्या हाताला एक अप्सरा आडवी पडलेली दिसते. कंबरेपासून वरची. खालची सिमेंटात आहे.

मी एका कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' दुसऱ्याला लिहिलं. त्यांनी पहिल्याकडे पाठवलं. पुष्कळ पावसाळे गेले आणि एक दिवस फाट्यावर चक्क पाटी उभी राहिली, 'प्राचीन वीरगळ', खाली बाण. बाण बरोब्बर मोरीकडे! (हशा) पत्र्याची पाटी दोन पावसांत गंजली. खांब मात्र भक्कम, लोखंडी. त्यामुळे वाढदिवसाचे फ्लेक्स बांधायची कायमची सोय झाली. सध्या तिथे एक भावी सरपंच गॉगल लावून उभे आहेत. ते आज आले असतील तर त्यांना पुन्हा एकदा शुभेच्छा.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुण्यातले अभ्यासक मित्र यावर माझ्याशी भांडतात: लिहून ठेवलेलं टिकतं असं नाही, ज्याच्यापाशी माणूस काहीतरी करतो ते टिकतं. अभ्यासक शेंदराला शिव्या घालतात. घालोत. कोरीव काम बुजतं हे खरंच आहे. पण दगड जागेवर राहतो.

बोरघाटातला शिंग्रोबा बघा ना. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर छोटंसं देऊळ. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली. बक्षीस माग म्हणाले, तर याने स्वातंत्र्य मागितलं, म्हणून गोळी घातली. असं सांगतात. कागदोपत्री काय सापडेल ते सापडो. ट्रकवाला तिथे वेग कमी करतो, नाणं टाकतो आणि क्लीनरला गोष्ट सांगतो. पाटीची गरजच काय? आणि त्याच घाटात १८५६ ते १८६३ रेल्वेचं काम चाललं, कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ मध्ये आला, काही आठवड्यांत वारला, मग त्याच्या बायकोने, ॲलिसने, काम हाती घेतलं. ही नावं पुस्तकांत आहेत. मजुरांपैकी कुणाचं नाव विचाराल तर रस्त्यावर एकच, शिंग्रोबा. तोही मजूर नव्हे.

कुणी म्हणेल, नाणेघाटात नैवेद्य कोण दाखवतो? बरोबर. तिथे कातळ आहे. दोन भिंतींवर सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख, दहा ओळी इकडे, दहा तिकडे. यज्ञ, दक्षिणा, गाई, २४,४०० सारखे आकडे. आणि मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती फुटल्या, काहींची नुसती पावलं उरली. पण डोक्यावर कोरलेली नावं शाबूत आहेत: राया सिमुक, देवी नायनिका (म्हणजे तीच नागनिका), सातकनि, कुमार भाय, महारठी त्रनकयिरो. माणसं गेली, पाट्या राहिल्या. आपण नेमकं उलटं करतोय.

जाता जाता नाणेघाटातला तो दगडी रांजण. जकातीचा म्हणतात. मी जकातदार असतो तर नाणी टाकायला एवढ्या रुंद तोंडाचा रांजण घेतला नसता, वाटसरूने हात घातला असता! (हशा) लेखात यज्ञ-दक्षिणा आहे, जकातीचं काही नाही. मला तर पाण्याचाच वाटतो, पण ते...

चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटं. भजी गार होतायत.' बरं, योजना.

नवी पाटी लावायची तर आधी तिचा मानकरी ठरवा. एखादं घर, शाळा, तालीम, कुणीही. मानकरी नसेल तर पाटी नको. पोळ्याला बैल धुता, त्याच दिवशी गावातले वीरगळ धुवा. गाई सोडवताना मेलेल्यांचा तो दिवस व्हायला काय हरकत आहे? मजकूर चार ओळींचा, चौथीच्या पोराला मोठ्याने वाचता येईल असा, आणि पत्र्यावर नको, काळ्या पाषाणात. पाथरवट अजून आहेत, त्यांना काम द्या. दंतकथा लिहायची असेल तर खुशाल लिहा, पण पुढे 'गावात असं सांगतात' हे घाला.

दगड हलवायचा नाही. देवळाच्या ओट्यात सिमेंटने बसवायचा नाही, संग्रहालयातही नाही. गडी कुठल्या खिंडीत पडला, हे फक्त त्या जागेलाच माहीत असतं. शेंदूर हवा तर माथ्यावर लावा, चंद्र-सूर्याच्या वर. चौकटी मोकळ्या ठेवा. याला दोन गावच्या गुरवांनी हो म्हटलंय, तिसरे विचार करून सांगतो म्हणाले.

खर्चाचं राहिलं, ते अध्यक्षांशी चहावर बोलतो. आणि यंदा मोरीचं काम पुन्हा निघतंय असं ऐकतो. अप्सरा बाहेर काढून द्यावी असा अर्ज मी लिहून आणलाय, दाराशी टेबलावर ठेवलाय. भज्यांकडे जाताना सह्या करा. पेन दोरीने बांधलेलं आहे.