पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुणी दहावीला असलं की इंदूरच्या आपल्या मराठी घरांत एक तक्रार हमखास कानावर येते. "दिवसभर पुस्तक घेऊन बसते, पण सायन्समध्ये मार्कच पडत नाहीत. तिचं विज्ञानाचं डोकंच नाही." हे शेवटचं वाक्य मला मुळीच पटत नाही, आणि ते मुलीच्या देखत बोललं जातं याचं फार वाईट वाटतं.

रामबागेतली एक मुलगी माझ्याकडे शंका विचारायला येते. भिंगाच्या धड्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ तिनं मार्करनं पिवळी केलेली. मी म्हटलं, पुस्तक मिट आणि वस्तू एफ, म्हणजे फोकस, आणि टू-एफ, म्हणजे भिंगापासून त्याच्या दुप्पट अंतरावरचा बिंदू, यांच्या मध्ये असताना बहिर्गोल भिंगाची आकृती काढ. तिनं भिंग काढलं, अक्ष काढला. समांतर येणारा किरण पलीकडच्या फोकसमधून बरोबर नेला. दुसरा किरण कुठून न्यायचा, तिथे पेन्सिल अडली. "काकू, वाचताना तर सगळं येत होतं!"

ती खोटं बोलत नव्हती. ओळखीचं पान समोर असलं की सगळं येतंय असंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं. विद्यार्थ्यांना उतारे दिले, त्यांतला एक तर सूर्यावरचाच होता. काही उतारे पुन्हा वाचायला लावले, काहींच्या बाबतीत न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेलं पुढे होतं, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं: वाचलेल्यातलं 42 टक्के उरलं, आठवून लिहिलेल्यातलं 56. आणि बोर्डाची परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

मग स्वभावाचं काय? त्याचाही वाटा आहेच. आर्थर पोरोपॅट यांनी 2009 मध्ये कितीतरी संशोधनांचे निकाल एकत्र करून पाहिले. नेटानं, वेळच्या वेळी काम करण्याचा गुण आणि परीक्षेतलं यश यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला, आणि तो बुद्धिमत्तेवर फारसा अवलंबून नव्हता. गोडीचं मात्र जपून बोलावं लागतं. गोडी असली की मार्क मिळतात, तसे मार्क मिळाले की गोडीही लागते. म्हणून "हिला आवडच नाही" असं आठवीतच ठरवून टाकू नका.

आपल्या मध्य प्रदेशानं या बाबतीत मोठं काम केलं आहे. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलं स्वतः प्रयोग करत, निरीक्षणं लिहीत, आणि परीक्षेला पुस्तक सोबत नेत. पुस्तक उघडं असताना पाठांतराला विचारण्यासारखं उरतंच काय? 2002 मध्ये तो सरकारनं बंद केला. मला ते आजही चुकीचं वाटतं.

घरी करायचं ते फार नाही. रात्री जेवणं झाली की मुलाला कोरा कागद द्या, आज शाळेत झालेलं न बघता लिहू दे, मग पुस्तक उघडून त्यानं स्वतःच तपासावं. तुम्हाला विज्ञान येत नसलं तरी चालेल. दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारा, आठवड्यानं पुन्हा.

त्या मुलीला दुसरा किरण सापडला. ऑप्टिकल सेंटरमधून, म्हणजे भिंगाच्या मध्यबिंदूतून, सरळ जाणारा. टू-एफच्या पलीकडे उलटी, मोठी प्रतिमा आली. आणि लगेच तिनं विचारलं, "वस्तू बरोबर फोकसवरच ठेवली तर?"