आबा टिपरे, मी आणि भरताची नोंद

तर मंडळी, सत्कारातच अर्धा तास गेला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आता माझ्याकडे वीस मिनिटं आहेत आणि पत्रिकेवर विषय छापलाय 'मालिकेतलं पात्र आणि आपण'. बघू कुठवर जमतं.

२००१ ला अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. इथल्या अर्ध्या लोकांनी बघितलीय, बाकीचे हसतायत म्हणजे त्यांनीही बघितलीय. दिलीप प्रभावळकर आबा. दिवसभर घरातला गोंधळ बघायचा आणि रात्री तो डायरीत उतरवायचा. मी पहिल्याच आठवड्यात बायकोला म्हणालो, हा तर मीच! तेव्हा माझं वय ४२, मुलगा पाचवीत, नातवाचा पत्ता नाही, पण मी आबा. तसं बघितलं तर प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे तेही तेव्हा ५७ चेच, आणि त्याआधी ह्याच माणसाने चिमणराव केला, तात्या विंचूही केला. मला तात्या विंचूत स्वतःचं काहीच कसं दिसलं नाही, हा खरा प्रश्न आहे, पण तो नंतर.

मग मी डायरी आणली. आणली म्हणजे बँकेची फुकटची होती. रोज रात्री जेवण झालं की लिहायला बसायचो. अन् आमच्याकडे लाईट कधी जाईल त्याचा नेम नव्हता, म्हणून कंदील शेजारी, फार छान वाटायचं हो, अगदी आबा! सुरुवातीला 'आज माणसांचं मन किती खोल असतं ते कळलं' वगैरे. दोन आठवड्यांत त्याचं झालं 'दूध दोन लिटर, दुधवाल्याने पाणी घातलंय'. तरीपण मी स्वतःला सांगायचो, आपण बघतो जास्त, बोलतो कमी. आबांसारखे.

थंडीतली गोष्ट. घरी भरीत होतं, बामणोदची वांगी तुराट्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. फक्त मिरची जास्त पडली होती. रात्री मी लिहिलं, 'आज भरीत तिखट झालं. बोललो नाही.' दुसऱ्या दिवशी वही उघडली तर खाली बारीक अक्षरात दुसऱ्या पेनाने, 'बोललात. दोनदा. आणि आईसमोर.'

(ती तिसऱ्या रांगेत बसलीय, तिकडे बघू नका.)

मी चिडलो, दुसऱ्याची डायरी वाचतात का म्हणून. तर सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या, त्यांनी आतून विचारलं, "हाई काय लिखेल शे?" आणि मग ते घरभर मोठ्याने वाचलं गेलं.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, मुद्दा. १९५६ ला हॉर्टन आणि वोल ह्या दोघांनी लिहिलं की पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखीचा वाटायला लागतो, पण ही ओळख एकतर्फी, त्याला आपला पत्ताच नसतो. पुढे कोहेन नावाच्या संशोधकाने २००१ लाच, म्हणजे टिपरेंच्याच वर्षी, वेगळं काढलं की पात्राशी ओळख होणं एक आणि पात्राच्या आत शिरून त्याच्या नजरेने बघणं दुसरं. शिरताना आपण स्वतःला विसरतो. माझं म्हणणं एवढंच की विसरताना आपण सोयीचं तेवढंच विसरतो. आबांचा शांतपणा मी उचलला, पण माझी जीभ घरीच होती, ती काही मालिकेत गेली नव्हती. आणि बायकोला मी कोण वाटायचो हे मी कधी विचारलंच नाही. विचारलं परवा, ह्या भाषणाच्या तयारीसाठी. ती म्हणाली, "मला त्यात तुम्ही कुठेच दिसला नाहीत. मी आपली ती मालिका तुमच्यापासून थोडी सुट्टी म्हणून बघायचे."

घंटा वाजली. चहा आहे म्हणे, बसा.